डीलरने आपणहून सांगितलेली खोट

आमच्या कोल्हापुरात जुनी गाडी घ्यायची म्हटली की गिऱ्हाईक आधी मिस्त्री शोधतं. असा मिस्त्री म्हणून मी बऱ्याच डीलरांच्या दारात उभा राहिलो आहे. खोटी काढून दर पाडण्यासाठी मला नेतात, अशी बहुतेकांची समजूत असते. मी मात्र गाडीचा खरा दर कळेपर्यंत दोघांना बोलतं ठेवायला जातो.

आदल्या दिवशीच फोन करून सांगतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिनचा आवाज गरम झाल्यावर ऐकू येत नाही. सायलेन्सरातून निळसर धूर निघाला तर ऑइल जळतंय. बॉनेट आणि दारांच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का, बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालाय का, हे बघतो. टायरवर २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर वीस हजार दाखवतो आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं दिसलं की सर्व्हिस रेकॉर्ड मागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायची सवय लागली. गाडी धुऊन चकचकीत केली तरी आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग सापडतो.

हे बघताना मी बोलत नाही. जनावरांच्या बाजारात हेडी, म्हणजे व्यापारी, रुमालाखाली बोटं धरून दर करतात, त्यामुळे चारचौघांत कुणाचा मान जात नाही. डीलरसमोर दोष मोठ्याने मोजत बसलं की तो हट्टाला पेटतो आणि दर बाजूलाच राहतो.

एका शिक्षकांसाठी डिझेल स्विफ्ट बघत होतो. डीलर आपणहून म्हणाला, "गुरुजी, क्लच बदलायला आलाय, आधीच सांगतो." गुरुजींनी तोच धागा पकडला. चार लाखांच्या गाडीत क्लचपायी सरळ चाळीस हजार कमी मागितले, दुरुस्ती त्याच्या पाव भागात होण्यासारखी असताना. डीलरचा चेहरा उतरला. नंतर मी टर्बोचं विचारलं, तर म्हणाला, "तुम्हीच बघा की, मिस्त्री." त्यापुढे त्याने आपल्या तोंडाने एकही गोष्ट सांगितली नाही. खरं बोलणं महागात पडतं, हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. मी गुरुजींना बाहेर चहाला नेलं, क्लचचा खर्च कागदावर मांडून दाखवला. परत येऊन त्यांनी तेवढाच वजा करून दर मागितला, तेव्हा डीलरनेच टर्बोच्या कामाचं जुनं बिल टेबलावर ठेवलं.

माझं ठाम मत आहे, मला सापडलेल्या खोटीवर कसून घासाघीस करावी. डीलरने स्वतः सांगितलेल्या खोटीचा मात्र दुरुस्तीखर्च तेवढा वजा करावा आणि तिथे थांबावं. असं करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पुढचंही सांगतो.

कागदांच्या बाबतीत मात्र शब्दावर जाऊ नये. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात हवा. ई-चलनं आपल्या मोबाइलवर बघावीत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तेव्हा विम्याचा वाढीव हप्ता दर करतानाच धरावा. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

आणि जे आपली गाडी डीलरच्या हवाली करतात, त्यांनाही सांगणं आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊन मोकळे होऊ नका. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सी ने करता येते. गाडी विकायची असो वा घ्यायची, व्यवहाराआधी ते अधिकारपत्र बघायला मागा.