घास आणि आवंढा

मराठीत आपण राग गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो. दुःखात घास घशाखाली उतरत नाही, हा वाक्प्रचार आम्ही दोघींनी वर्गात कितीदा तरी उलगडून सांगितला असेल. त्याचा वाच्यार्थ मात्र आम्हांला मार्केट यार्डात उमगला.

भुसार बाजारातून ज्वारी घेऊन हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात आम्ही झुणका-भाकर खायला बसलो होतो. दुसऱ्याच घासाला आमच्यातली एक थांबली. ठसका नाही, खोकला नाही; घास छातीच्या वरच अडला होता. तिला काही वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे: सर्वांगाचे दुखणे, झोपूनही न जाणारा थकवा. ‘घास उतरत नाही’ असे ती वर्षभर म्हणत होती. त्याच वर्षी तिची आई गेली होती. त्यामुळे घरच्यांनी, डॉक्टरांनी आणि शेजारी बसून डबा खाणाऱ्या मैत्रिणीनेही ते वाक्य लक्षणार्थानेच घेतले.

पुढे दुर्बिणीची तपासणी झाली. काही निघाले नाही. ह्या विकाराच्या १९९०च्या अमेरिकी निकषांत शरीरावरचे १८ बिंदू दाबून पाहत. त्यांपैकी ११ दुखावे लागत. २०१०मध्ये ती अट गेली आणि लक्षणांची लांबलचक यादी आली. तीत कोरडे तोंड आहे, बदललेली चव आहे, छातीतली जळजळ आहे. गिळण्याचा त्रास मात्र नाही. तरीही अनेक रुग्ण स्त्रिया तो सांगतात. वेदनेची जाणीव तीव्र झालेल्या मज्जासंस्थेला अन्ननलिकेची साधी हालचालही जाचत असावी. त्यात अमिट्रिप्टिलीनसारख्या औषधाने तोंड आणखी कोरडे पडते. अर्थात तपासणीआधीच सारे ह्या विकाराच्या माथी मारणेही धोक्याचे. गिळताना अडण्यामागे इतर गंभीर कारणे असू शकतात.

तपासणीत काही निघाले नाही, म्हणजे काही झालेच नाही, असे आम्हीही मानले होते. बाईने गिळायचे असते, हे भाषेनेच आमच्या इतके अंगवळणी पाडले होते, की तिला गिळता येत नाही हे आम्हांला ऐकूच आले नाही.

आता ती भाकर आमटीत कुस्करून, सावकाश खाते. आणि एखादी विद्यार्थिनी ‘घास उतरत नाही’ म्हणाली, तर आम्ही आधी विचारतो: कुठे अडतो? घशाशी की छातीत? पाणीही अडते का? मनाचे त्यानंतर विचारतो.