नावाचा पत्ता

सर गेले त्याला आठ महिने झाले असतील. धारवाडहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "अक्का, अप्पांच्या डोमेनची मुदत संपत आलीये. साइट तर उघडतही नाही. सोडून देऊ?"

त्या साइटवर आमची कन्नड-मराठी शब्दसूची होती, बारा वर्षं भाषांतरं करता करता जमवलेली. "सोडू नकोस," म्हटलं खरं, पण बिघडलंय काय, हे मला कुठे ठाऊक होतं?

रात्री लॅपटॉपवर टर्मिनल उघडून 'डिग' ही आज्ञा दिली, पुढे सरांचं डोमेन. डोमेन हे नुसतं नाव. त्याचा पत्ता डीएनएसच्या नोंदी सांगतात, आणि त्या कुणीही विचाराव्यात. या नावाबद्दल अधिकाराने कोण बोलणार, ते 'एनएस' नोंदीने सांगितलं. 'ए' नोंदीने आयपी पत्ता दिला. त्या पत्त्यावरचा सर्व्हर मात्र भाडं थकल्याने बंद होता.

मग 'एमएक्स' विचारली. या नावाने आलेली मेल कुठे पोचवायची, ते सांगणारी नोंद. ती शाबूत होती. तेवढ्यावरून पेटी चालू आहे असं ठरत नाही. पण मला आठवलं, सर गेल्याचं कळण्याआधी एका म्हणीबद्दल विचारलेली माझी मेल परत आली नव्हती.

वहीत पासवर्ड सापडला. मुलीने पेटी उघडली. माझी मेल तिथेच होती, न वाचलेली.

पूर्वी या जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातली एक संस्था ती सांभाळी, बाकीचे उतरवून घेत. नावं वाढली, फाइल पुरेना. १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकाला सगळं ठाऊक असण्याची गरज उरली नाही. पुढे कुणाला विचारायचं, एवढं ठाऊक असलं की झालं. सरही हेच सांगत: कोशात नसेल तर ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जा.

फाइली सरांच्या संगणकावर होत्या. त्या नव्या सर्व्हरवर चढवल्या, 'ए' नोंद बदलली. जुन्या नोंदीचा 'टीटीएल' ८६४०० होता, म्हणजे एकदा मिळालेलं उत्तर ८६४०० सेकंद, पुरता एक दिवस, जपून ठेवायची मुभा. तिला धारवाडात साइट दिसू लागली. मला बंगळुरूत दिसेना. माझ्याकडे अजून जुनंच उत्तर होतं. चूक कुणाचीच नव्हती. मीही अजून "सर म्हणतात" असंच बोलते.

दुसऱ्या दिवशी शब्दसूची उघडली. त्या म्हणीपुढची जागा रिकामीच होती. मुलीला फोन केला.

"मला नाही ठाऊक, अक्का," ती म्हणाली. "थांबा, आईला विचारते."