दोन चेंडूंच्या मधला आवाज

रेडिओवर क्रिकेट ऐकताना सगळ्यांत जास्त काय ऐकू यायचं, असं मला कुणी विचारलं, तर मी गर्दी असं सांगेन. चौकारानंतर उसळायची ती गर्दी नव्हे. गोलंदाज सावकाश आपल्या खुणेकडे परत निघाला आणि समालोचक क्षणभर गप्प झाला, की त्याच्या मागं उरायची ती. हजारो माणसांच्या हळू बोलण्याची अखंड गुणगुण, त्यात मधूनच एखादी शिट्टी, एखादा कावळा, आणि या सगळ्यावरून वाहणारी बारीक खरखर. ईडन गार्डन्सवरची ती गुणगुण लातूरजवळच्या आमच्या मुरुडच्या शिवारात, उभ्या ज्वारीच्या पानांत येऊन मिसळायची, आणि पानांची सळसळ कुठं संपते नि कलकत्त्याची माणसं कुठं सुरू होतात, ते मला कळायचं नाही. अजूनही ते नीट वेगळं करता येत नाही.

मुरुडचा हिवाळा म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरडा आणि कसोटी. आजोबा विहिरीच्या कट्ट्यावर चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर ठेवायचे. मुंबईला कसोटी असली की बाळ ज. पंडितांचं मराठीतलं धावतं वर्णन, एरवी जे लागेल ते. बांधावरून जाणारा एखादा थांबायचा, विचारायचा, "गावसकर खेळलालाय का आनखी?" आजोबा नुसती मान हलवायचे, आणि तो समाधानानं पुढं जायचा. धावा किती झाल्या, हे त्यानं विचारलेलं मला आठवत नाही. गावसकर आहे ना, मग दिवस ठीक चाललाय.

नाशिकच्या बापू नाडकर्णींनी १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटकं टाकली, ओळीनं १३१ चेंडूंवर एक धाव दिली नाही, हे आजोबा आवाज खाली आणून सांगायचे. त्या दुपारी घडलं तरी काय? चेंडू पडला, फलंदाजानं अडवला, पुन्हा पडला. पण ते न घडणंसुद्धा त्यांनी आयुष्यभर जपून ठेवलं होतं, आणि सांगताना त्यांचा हात नकळत चेंडू सोडल्यासारखा वळायचा.

माझ्या वाट्याला अशी एक दुपार आली. १४ मार्च २००१. भारनियमनामुळं टीव्ही बंद, म्हणून माळ्यावरचा रेडिओ खाली काढला, आणि ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध लक्ष्मण-द्रविड सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळत राहिले. एकही गडी बाद नाही. फॉलोऑन मिळालेला संघ दिवसभरात ३३५ धावा करून परतला. मी घरातली कामं केली, जेवलो, थोडा झोपलोसुद्धा. जाग आली तेव्हाही ते दोघं तिथंच होते, आणि मागं तीच गुणगुण. एवढा भरवसा त्यानंतर मला फार थोड्या गोष्टींनी दिला.

वीस षटकांच्या क्रिकेटवर माझा राग नाही. २४ सप्टेंबर २००७ च्या रात्री जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिस्बाहनं मागं उडवलेला चेंडू श्रीशांतच्या हातात येईपर्यंतचा थांबलेला श्वास मी अजून विसरलेलो नाही. पण ते एकदा होतं. आता आयपीएलचे दहा संघ, ७४ सामने. एप्रिल-मेच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतून चालत गेलं, तर प्रत्येक घरातून, पानटपरीवरच्या मोबाईलमधून एकच आरोळी येत असते, आणि तिला कुठं फट म्हणून नाही. षटक संपलं की जाहिरात, चेंडू पडला की गाणं. भाच्याला विचारलं, परवा कोण जिंकलं रे? तो म्हणाला, "मामा, कालचंच ध्यानात नाही." तो क्रिकेटवेडा पोरगा आहे. इतकं बघून त्याच्या मनात काही साठत नाही. माझ्याही नाही. हा शीण त्या न साठण्याचाच आहे.

कशानंच थांबत नाही हे. २०१६ च्या त्या एप्रिलात लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, आणि १२ तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. दुष्काळात मैदानांवर मारायला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न होता. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. सामने थांबले नाहीत, त्यांनी गाव बदललं. दिवसभर घागरींच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरात रात्री तीच आरोळी घुमत राहिली.

आणि १९ नोव्हेंबर २०२३. सलग दहा सामने जिंकून एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी अहमदाबादला आलेला भारताचा संघ ऑस्ट्रेलियाकडून हरला, ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांपुढं ते सगळं प्रचंड मैदान गप्प होत गेलं. त्या रात्री कितीतरी वर्षांनी मला पुन्हा तो मधला आवाज ऐकू आला, फार दुःखाचा, पण खरा. घरात कुणी गेलं तर माणसं दहा दिवस येऊन बसतात, काही बोलत नाहीत, नुसती बसतात. आम्हाला चार दिवस मिळाले. २३ तारखेला विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध वीस षटकांचा सामना सुरूही झाला.

आनंदाचंही तेच. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र. ६ जुलैला हरारेत भारताचा दुसराच संघ झिम्बाब्वेकडून १३ धावांनी हरत होता. पेढ्यांचा पुडा अजून घरात होता हो.

क्रिकेट मंडळाकडे मागणं फार मोठं नाही. विश्वचषक संपला की, जिंकलो असू नाहीतर हरलो असू, पुढचा महिनाभर भारताचा एकही सामना ठेवू नका.