रोहितांना दोन घरं लागतात

मुलांनो, नवी मुंबईत दर वर्षी लांबून पाहुणे येतात. थंडी पडू लागली की ते हळूहळू यायला लागतात आणि पावसाळा तोंडावर आला की परत जातात. थोडेथोडके नाहीत बरं का, काही वर्षी तर लाखाहून जास्त! लांबलचक पाय, वाकडी चोच आणि गुलाबी पंख. ओळखलंत ना? हे आहेत फ्लेमिंगो. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, कुणी अग्निपंखही म्हणतात.

हे पाहुणे येतात ते ठाण्याच्या खाडीतला चिखल खायला! म्हणजे अगदी चिखल नव्हे. ओहोटी लागली की खाडीत मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्यात शेवाळं आणि बारीक जीव असतात. रोहित मान खाली घालून चोच उलटी करतो, पाणी आत घेतो आणि चाळणीतून गाळावं तसं ते गाळतो. पाणी बाहेर, खाणं पोटात! त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. त्याची पिल्लं राखाडी असतात. खाडीचा 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 साली रोहितांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीतही तो गेला.

मग झालं की! पक्ष्यांना अभयारण्य मिळालं, आता काळजी कसली? खरी गोष्ट इथेच सुरू होते.

खाडीला भरती येते. उघडा चिखल पाण्याखाली जातो आणि पाणी रोहितांच्या पायांना पुरेनासं होतं. आता हजारो पक्ष्यांनी उभं कुठे राहायचं? अशा वेळी त्यांचे थवे उडतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या काठावरच्या उथळ तळ्यांत येऊन उतरतात. तिथे ते विश्रांती घेतात, खातात आणि ओहोटी लागली की खाडीत परततात. खाडी हे त्यांचं जेवणघर, तर तळी ही विश्रांतीची खोली. एक राखलं आणि दुसरं मोडलं, तर दोन्ही गेल्यासारखीच.

तुम्हाला हे बघायचं असेल, तर हार्बर लाइनवरच्या सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरा आणि रिक्षाने पाम बीच रोड ओलांडून खाडीकडे चला. पण केव्हा जायचं? त्यासाठी कोळी लोकांचं एक झकास गणित आहे. कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. आज पंचमी असेल, तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती! हिशेब ढोबळ आहे आणि खाडीत पाणी थोडं उशिराच चढतं. म्हणून जरा आधी जाऊन बसा. सोबत दुर्बीण असली तर उत्तमच. मात्र आरडाओरडा नको आणि दगड तर मुळीच नको.

तळ्यांच्या कडेला तिवराची गर्द झाडी दिसेल. तिच्या बुडाशी चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात. ती श्वासमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. ही खारफुटी लाटांचा जोर मोडते आणि माशांच्या, खेकड्यांच्या पिल्लांना आसरा देते. ती पिल्लं मोठी झाली की काठच्या कोळ्यांच्या जाळ्यात येतात.

अशा या जागेवर गोल्फचं मैदान आणि इमारती करायचं ठरलं होतं. ‘नुसती पडीक जागा तर आहे!’ असं म्हणायला सोपं असतं. पण परिसरातल्या रहिवाशांना ते पटलं नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2018 मध्ये न्यायालयाने हे बांधकाम होऊ देणारा सरकारी निर्णय रद्द केला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तळं मारायला दर वेळी मातीचे ट्रक लागतातच असं नाही. तिथलंच एक तळं जवळच्या शाळेच्या नावावरून डीपीएस तलाव म्हणून ओळखलं जातं. त्यात भरतीचं पाणी यायच्या वाटाच बंद झाल्या. पाणी खेळतं राहिलं नाही, तळं आटू लागलं, शेवाळं माजलं. एप्रिल 2024 मध्ये इथे काही रोहित मरून पडलेले आढळले. तेव्हा रहिवाशांनी हातात हात घालून तळ्याकाठी मानवी साखळी केली. त्यांचं मागणं साधंच होतं : पाण्याची वाट मोकळी करा. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे 30 एकर तळ्याला ‘संवर्धन राखीव’ करायला मान्यता दिली.

शहराला घरं हवीत, रस्ते हवेत, विमानतळही हवा, हे खरंच आहे. पण तळी बुजली तर पक्षी जातील कुठे? भरती काही थांबणार नाही. विश्रांतीची जागा शोधत हे मोठे थवे शहरावरून भलतीकडेच भरकटले, तर विमानांनाही धोका आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरजवळ एका विमानाच्या धडकेत तीसहून जास्त रोहित मेले. विमान सुखरूप उतरलं, हे नशीब.

तुमच्याही गावात एखादं तळं, एखादी पाणथळ जागा असेलच. या सुट्टीत आईबाबांना घेऊन तिथे जा. कुठले पक्षी येतात ते वहीत लिहा. आणि आणखी एक करा. तळ्यात पाणी कुठून येतं, ती वाट शोधा. ती बुजलेली दिसली, तर घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्या माणसांना लगेच सांगा. तळं आटून गेल्यावर सांगून काही उपयोग नाही.