परसातील टाकी

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. रोवणीच्या दिवसांत पाण्याने भरलेल्या बांधीत पाय घातला, की चिखलातून बुडबुडे वर येतात. लहानपणी आम्ही ते मोजत असू. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली मॅजोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून असेच बुडबुडे गोळा केले आणि तो वायू जळतो, असे दाखविले. तो वायू म्हणजे मिथेन. जेथे हवा पोचत नाही अशा जागी पालापाचोळा किंवा शेण कुजले, की तो निर्माण होतो.

आमच्या परसातील गोबरगॅसही असाच चालतो. विहिरीसारख्या खड्ड्यात शेण पाण्यात कालवून सोडावयाचे. त्यावर लोखंडी टाकी पालथी तरंगते आणि वायू साठला, की वर उठते. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात असा तरंगत्या टाकीचा संच घडविला आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो खेडोपाडी नेला. तो आमच्याकडे आला आणि घरातील धूर संपला. हा विस्तव झाडालाही दुखवीत नाही नि हवेलाही, असे मी शाळेत मोठ्या अभिमानाने सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी पौषात टाकी बसू लागली. रात्री वर असलेली टाकी पहाटे हातभर खाली गेलेली असे. थंडीत कुजण्याची क्रिया मंदावते; म्हणून मी थंडीला दोष दिला आणि रोज दोन पाट्या शेण अधिक घातले. चैत्र आला, ऊन तापले, तरी टाकी खालीच! तेव्हा सातवीत शिकणारी माझी नात म्हणाली, "आजोबा, रात्री शेगडी तर पेटतच नाही. मग गॅस जातो कुठे?"

पस्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. हा एवढा प्रश्न मला सुचला नव्हता.

तिने वाटीत साबणाचा फेस केला आणि टाकीच्या सांध्यांना लावला. गंजलेल्या एका सांध्यावर फुगा आला, फुटला, पुन्हा आला. चार महिने आमचा मिथेन तेथून आकाशात जात होता.

हिशेब करून पाहा. एक किलो मिथेन जळला, तर सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आणि त्यातील कार्बन गुरांनी खाल्लेल्या गवताने हवेतूनच घेतलेला असतो. पण तोच मिथेन न जळता सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवितो. आणि माझ्या त्या दोन पाट्या! जितके आत घालावे, तितकेच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. अर्धे कुजलेले शेण उघड्या खड्ड्यात येऊन तेथेही मिथेन सोडीत होते.

टाकी काढली, वायू पुरता निघून जाईपर्यंत दूर उघड्यावर ठेवली आणि मगच कारागिराकडून सांधून रंगविली. दोन पाट्या बंद केल्या. खड्ड्यात रबडी साचू न देता ती आता लवकर शेतात नेतो.

नात दर रविवारी साबणाची वाटी घेऊन टाकीभोवती फिरते. गेल्या रविवारी नळीच्या जोडापाशी मोहरीएवढा एक फुगा आला. तिने मला हाक मारली, आणि मी चष्मा शोधू लागलो.