मस्कतचे दोन किल्ले

आखाती राजधानी म्हटली की गगनचुंबी मनोरे डोळ्यांपुढे येतात. ओमानच्या मस्कतने मात्र ते वेड फारसे लावून घेतलेले नाही: ठेंगणी, शुभ्र घरे आणि मागे उघडेबोडके डोंगर! २००१ साली खुल्या झालेल्या सुलतान काबूस मशिदीचा वालुकाश्म भारतातून नेलेला, गालिचा इराणी. पाहण्यासारखीच आहे ती. पण गोमंतकीयाची पावले थबकतात ती जुन्या बंदरावरील जलाली व मिरानी या किल्ल्यांपाशी. १५०७ साली हे गाव जाळणारा आल्बुकर्क तीनच वर्षांनी आमच्या मांडवीत शिरला. किल्ले पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. ओमानींनी त्यांना १६५० सालीच हुसकले. आम्हांला मात्र १९६१ साल उजाडावे लागले. आज त्या दोन किल्ल्यांच्या मधोमध सुलतानांचा अल आलम राजवाडा उभा आहे.