वाघर

दिवाळी उलटली की सांगलीजवळच्या आमच्या रानात धनगरांचा वाडा उतरतो. माणदेशातले लोक. तिन्हीसांजेला घोड्यावरचं ओझं खाली येतं: भांडी, वाकळा, डालग्यातल्या कोंबड्या. काठ्या रोवून वाघर ताणतात, मेंढरं आत जातात. रानाला लेंडीखत, त्यांना धान्य.

यंदा ती वाघर हातात घेऊन पाहिली. मूळ शब्द संस्कृत 'वागुरा'. म्हणजे शिकाऱ्याचं जाळं. सावज धरणारं जाळं आता मेंढरं राखतं, पण चालणारे पाय तेच. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये जेमतेम पाचशेच्या आसपास. मग चालण्यावाचून काय करणार?

पाऊस हटला की माणसानं चालू लागणं हे जुनंच. सुमारे 12,900 वर्षांपूर्वी हिमयुग ओसरता ओसरता थंडी अचानक परतली आणि हजारभर वर्षं राहिली. आशियातला पावसाळा मंदावला. पश्चिम आशियातले नातुफी शिकारी तोवर दगडी घरं बांधून स्थिरावू लागले होते. त्यांतल्या अनेकांनी पुन्हा भटकंती धरली, असं बरेच पुरातत्त्वज्ञ मानतात. आपल्या घोडनदीकाठचं इनामगाव शेतकऱ्यांचं, पण इ.स.पू. 1000 नंतर तिथंही ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. डेक्कन कॉलेजच्या म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध आटलेल्या पावसाशी आणि निमभटक्या जगण्याशी लावला.

स्थिर घर सोडून असं पुन्हा भटकणं मला पडझड वाटायची, पुरात आम्हीच अडकेपर्यंत. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. पाणी चढतंय हे दिसत होतं, तरी आम्ही फ्रीज माळ्यावर कसा चढवायचा यावर वाद घालत बसलो. शेवटी होडीतून निघालो ते अंगावरच्या कपड्यांनिशी. विट्याच्या मावशीनं पंधरा दिवस ठेवून घेतलं.

हे सांगून वाड्यातल्या म्हाताऱ्या आबांना म्हटलं, "तुमचं बरं, उचललं की निघाला." ते हसले. "हौस न्हाई बाबा. गावाकडं पानी असतं तर कशाला पाय झिजवलं असतं? आन् निघून जायाचं कुठं? कुनीतरी रानात घ्याया पायजे."

मावशीचं दार आठवलं. शिकाऱ्यांच्या काळात रान कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हतं. आता आमच्या शेजाऱ्यानं तारेचं कुंपण घातलंय, पलीकडं बारमाही ऊस.

सकाळी वाघर गुंडाळून घोड्यावर टाकताना आबांनी विचारलं, "फुडल्या सालाला रान मोकळं ठेवशील न्हवं?"